एक गेम, अनेक यंत्रे: कन्सोलच्या रचनेचा इतिहास

संगणक रचना हा विषय शिकवताना एक प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो. तो तुमच्याही मनात आला असेल. ‘सर, आता गेम इंजिनात एकदा गेम बनवला की यादीतून कन्सोल निवडायचा आणि बटण दाबायचं. मग कॅश, डीएमए, बाइटचा क्रम हे सगळं आम्ही कशासाठी पाठ करायचं?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा कन्सोलच्या इतिहासात जास्त स्पष्ट दिसतं, म्हणून हे टिपण इतिहासाचं आहे. अधूनमधून हिशेब येतील, ते वहीत स्वतः करून पाहा.

मी चेन्नईत तिरुवल्लिकेणीला राहतो. इथून वालाजा रोडने अण्णा सालैच्या दिशेने निघालं की चालत जाण्याच्या अंतरावर रिची स्ट्रीट आहे. सुट्या चिप, केबल, सोल्डरिंगचं सामान आणि जुनी यंत्रं यांचा हा बाजार. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीकरांनी नेहरू प्लेस डोळ्यांपुढे आणावं. अशा बाजारात कधी उघडलेला प्लेस्टेशन २ आणि उघडलेला प्लेस्टेशन ३ शेजारी शेजारी पाहायला मिळाले तर थांबून पाहा. कंपनी एक, नाव एक, फक्त आकडा वेगळा. आतल्या बोर्डांचं मात्र एकमेकांशी जवळजवळ काही नातं नाही.

२०११ साली मुंबईच्या ट्राइन गेम्स या स्टुडिओचा ‘रा.वन’ चित्रपटावरचा गेम याच दोन यंत्रांसाठी आला. त्या स्टुडिओच्या आत काय घडलं यावर मी बोलणार नाही. पण एकाच नावाचा गेम या दोन डब्यांवर चालवायचा म्हणजे प्रोग्रॅमरपुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे यंत्रांच्या रचनेवरून आपल्याला नेमकं काढता येतं. त्याआधी थोडं मागे जाऊ.

किरणाच्या मागे धावणं

१९७७ सालच्या अटारी २६०० मध्ये एकूण रॅम होती १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. पडद्यावरचं चित्र साठवायला मेमरीच नव्हती. टीव्हीच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत एक रेषा काढत असतानाच प्रोसेसरने त्या रेषेची माहिती चित्राच्या चिपमध्ये भरायची. एका रेषेला प्रोसेसरच्या ७६ सायकल मिळत, आणि एकेका साध्या आज्ञेला दोन ते पाच सायकल लागत. म्हणजे रेषेमागे वीस-पंचवीस आज्ञा. गेमचा सगळा विचार, म्हणजे टक्कर झाली का, गुण किती, शत्रू कुठे, हा झोत खाली पोचून पुन्हा वर येईपर्यंतच्या मोकळ्या वेळात उरकायचा.

या यंत्रावर १९८२ साली ‘पॅक-मॅन’ आणला गेला. दुकानातल्या मूळ यंत्रात हलती चित्रं काढायला वेगळं सर्किट होतं. अटारीच्या चिपला खेळाडूसारखी हलती चित्रं ठाऊक होती फक्त दोन. पॅक-मॅन एक आणि भुतं चार, मग करायचं काय? प्रोग्रॅमरने भुतं आळीपाळीने वेगवेगळ्या फ्रेममध्ये काढली. म्हणून ती लुकलुकत. खरेदीदार चिडले, आणि त्या गेमची बदनामी आजही चालू आहे. मला ती थोडी अन्यायाची वाटते. चार किलोबाइटच्या कॅसेटमध्ये आणि दोन चित्रांच्या चिपवर पाच पात्रं नाचवणाऱ्या माणसाला हार्डवेअर नीट समजलेलं होतं. पण गेमचा आराखडा एका यंत्राच्या आकाराचा आणि हातातलं यंत्र दुसऱ्या आकाराचं, ही अडचण इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसली.

आपल्याकडचा सावकाश मारिओ

आता भारताकडे येऊ. १९९० च्या दशकात आपल्या घरोघरी आलेले ‘टीव्ही गेम’ तुमच्या आईवडिलांना किंवा मोठ्या भावंडांना आठवत असतील. लिटिल मास्टर, सामुराय अशी नावं आणि ‘९९९९ इन १’ असं लिहिलेल्या पिवळ्या-लाल कॅसेटी. यातल्या बहुतेक यंत्रांचं मूळ निन्टेन्डोचा १९८३ चा फॅमिकॉम हे होतं, आणि पुष्कळशी यंत्रं त्याच्या नकला होत्या.

जपान आणि अमेरिकेतला टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० फ्रेम आणि फ्रेममध्ये फॅमिकॉमच्या हिशेबाने २६२ रेषा. भारतात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीचं, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम आणि ३१२ रेषा. त्या काळातला प्रोग्रॅमर वेळ घड्याळाने मोजत नसे, फ्रेमने मोजत असे. पात्र दर फ्रेमला दोन पिक्सेल पुढे सरकवा, संगीताचा सूर दर दहा फ्रेमनंतर बदला, अशा आज्ञा. तोच गेम ५० फ्रेमच्या यंत्रात घातला की सगळं पाच-षष्ठांश वेगाने चालतं. आपल्याकडची एक अख्खी पिढी मूळ वेगापेक्षा सुमारे १७ टक्के सावकाश पळणारा मारिओ खेळत मोठी झाली आणि तोच खरा वेग समजत राहिली.

निन्टेन्डोने युरोपासाठी बनवलेल्या पाल यंत्रात आणखी एक फरक होता. मूळ यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झवर चाले, युरोपातला १.६६ वर. मूळ यंत्रात एका रेषेला प्रोसेसरच्या सुमारे ११३.७ सायकल मिळत, युरोपीय यंत्रात सुमारे १०६.६. ऐकायला हा फरक किरकोळ आहे. पण पडद्याचा वरचा गुणफलक स्थिर ठेवून खालचं दृश्य सरकवायचं, तर काही गेम सायकली मोजून ‘आता झोत अमुक रेषेवर असेल’ असा अंदाज बांधत. रेषेमागे सात सायकल कमी झाल्या की दहा-वीस रेषांनंतर हा अंदाज साफ चुकतो आणि चित्र भलत्याच जागी फाटतं. आवाजाचे सूरही प्रोसेसरच्या घड्याळावरून निघत, त्यामुळे ते अर्ध्या स्वरापेक्षा जास्त उतरत.

नकला करणाऱ्यांनी इथे जी युक्ती केली तिचं मला मनापासून कौतुक आहे. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांतल्या नकलांसाठी जी चिपजोडी बनवली तिच्यात प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर ठेवला आणि रेषेमागच्या सायकली मूळ ११३.७ इतक्याच राखल्या. चित्र मेमरीत बदल करायला मिळणारा मोकळा काळही मूळ यंत्रासारखाच २० रेषांचा ठेवला. पालमधल्या जादा ५० रेषा त्यांनी त्याच्या आधी नुसत्या रिकाम्या सोडल्या. परिणाम असा की फ्रेमचा दर पालचा, पण सायकली मोजणारा जपानी किंवा अमेरिकी गेम बिनचूक चाले. सूरही जवळजवळ मूळ पट्टीत राहत. सुसंगतता या एका बाबतीत नक्कल युरोपातल्या अस्सल यंत्राहून सरस ठरली. मोठ्या कंपनीने प्रोग्रॅमरला सांगितलं, तुझा गेम पुन्हा जुळवून घे. नकलाकाराला असं सांगायला प्रोग्रॅमरच नव्हता, म्हणून त्याने हार्डवेअरच गेमला जुळवून घेतलं.

तीन कंपन्या, तीन स्वभाव

१९९४ ते १९९६ या दोन वर्षांत सेगा सॅटर्न, सोनीचा प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो ६४ बाजारात आले. त्रिमितीय चित्र कसं काढायचं यावर तिघांचं एकमत नव्हतं.

प्लेस्टेशनच्या प्रोसेसरला दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा भागच नव्हता. सगळं पूर्णांकांत चाले, जिथे ४०९६ म्हणजे १. खोली मोजणारा झेड-बफरही नव्हता. कुठला त्रिकोण पुढे आणि कुठला मागे, ही यादी प्रोग्रॅमरने स्वतः लावायची. जुन्या प्लेस्टेशन गेममध्ये भिंती थरथरतात आणि फरशीच्या रेघा वाकतात त्याचं मूळ इथे आहे. तरीही या यंत्राची रचना सरळ होती आणि कागदपत्रं चांगली होती, म्हणून लोकांना ते आवडलं.

सॅटर्नमध्ये एकाच्या जागी दोन प्रोसेसर होते. जाहिरातीत ते छान दिसलं. पण दोघांना मुख्य मेमरीकडे जायला रस्ता एकच होता, एक गेला की दुसरा दारात उभा. शिवाय त्याची चिप त्रिकोणांऐवजी चौकोन काढी, त्यामुळे त्रिकोणांचा विचार करून बनवलेली मॉडेलं इथे नव्याने बांधावी लागत.

निन्टेन्डो ६४ चा प्रोसेसर तिघांत वेगवान, ९३.७५ मेगाहर्ट्झचा. पण पृष्ठभागावर चिकटवायच्या चित्रांसाठी त्यात जागा होती अवघी ४ किलोबाइट, आणि मेमरीकडून पहिलं उत्तर यायला वेळ लागे. म्हणून त्या यंत्रावरचे गेम पुसट, धुरकट दिसतात. शिवाय सीडी नाही, कॅसेट. १९९९ साली ‘रेसिडेंट इव्हिल २’ प्लेस्टेशनवरून इथे आणताना एंजल स्टुडिओज या अमेरिकी चमूने दोन सीडींचा ऐवज ६४ मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये बसवला, तोही चित्रफितींसकट. पोर्टिंग या विषयावर कुणी मला एकच उदाहरण मागितलं तर मी हे देईन.

प्लेस्टेशन २: हिशेब करून पाहा

आता आपल्या दोन डब्यांपैकी पहिला. मार्च २००० मध्ये जपानात आलेला प्लेस्टेशन २ हा एका मुकादमाच्या हाताखाली चालणारा कारखाना आहे. मुकादम म्हणजे सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा मुख्य प्रोसेसर. त्याच्या हाताखाली दोन व्हेक्टर युनिट. त्यातल्या एकाला आज्ञांसाठी आणि माहितीसाठी प्रत्येकी ४ किलोबाइट, दुसऱ्याला प्रत्येकी १६ किलोबाइट. मुख्य रॅम ३२ मेगाबाइट. आणि चित्र काढणाऱ्या चिपच्या पोटातच ४ मेगाबाइट अतिशय वेगवान मेमरी.

या चार मेगाबाइटचा हिशेब करा. पडदा ६४० गुणिले ४४८ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट. एक चित्र ११,४६,८८० बाइटचं. एक चित्र दिसत असताना दुसरं काढायचं, म्हणून दोन. खोलीसाठी झेड-बफर तेवढाच. तिन्ही मिळून ३४,४०,६४०. चार मेगाबाइट म्हणजे ४१,९४,३०४. उरले ७,५३,६६४ बाइट, म्हणजे ७३६ किलोबाइट. सगळ्या भिंती, चेहरे, कपडे, आकाश यांची चित्रं एवढ्यात!

अर्थात एवढ्यात ती बसत नाहीत. यंत्राची कल्पना वेगळीच होती. भिंतीचं चित्र आणा, भिंत काढा, त्याच जागी चेहऱ्याचं चित्र आणा, चेहरा काढा, आणि हे एकाच फ्रेममध्ये अनेकदा करा. माहिती वाहून नेणाऱ्या डीएमएच्या दहा वाहिन्या त्यासाठीच होत्या. संगणकावरच्या सवयीने ज्याने ‘सगळी चित्रं आधी भरून ठेवू’ असा विचार केला त्याचा गेम रखडला. ज्याने वाहतुकीचं वेळापत्रक आखलं त्याला हे यंत्र भरभरून देई. व्हेक्टर युनिटसाठीचा कोड मात्र हाताने, असेंब्लीत लिहावा लागे, आणि त्यातलं गणित नेहमीच्या आयईईई नियमांनी चालत नसे. शून्याने भागलं तर ‘अनंत’ न येता सर्वांत मोठा आकडा येई. अशा वागणुकीवर नकळत विसंबलेला कोड दुसऱ्या यंत्रावर नेला की तिथे गडबड ठरलेली.

भारताचा कन्सोलच्या जगात प्रवेश झाला तो याच यंत्रावर, आणि फार उशिरा. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज या कंपनीने बनवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ साली प्लेस्टेशन २ वर आला. संपूर्ण भारतात बनलेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याची नोंद होते. गेम म्हणून त्याचं फारसं कौतुक झालं नाही, आणि देवाला कंट्रोलरच्या बटणांवर नाचवण्यावरून वादही झाला. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. बाकीचं जग तोवर प्लेस्टेशन ३ वर तीन वर्षं काम करत होतं आणि आपण नऊ वर्षं जुन्या यंत्राचा पहिला धडा गिरवत होतो. कारण उघड होतं. आपल्या बाजारात स्वस्त यंत्र तेच होतं.

दुसरं कारण कमी बोललं जातं. कन्सोलची हार्डवेअर पुस्तिका दुकानात मिळत नसे. परवानाधारक स्टुडिओला गोपनीयतेच्या करारावर ती मिळे. २००२ साली सोनीने प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच काढला, त्यात बरीच तांत्रिक माहिती होती. पण तो जपान, अमेरिका आणि युरोपातल्या ग्राहकांसाठी होता. आमच्यासारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तेव्हा ८०८५ आणि ८०८६ शिकवले जात. ते चांगलेच आहेत, पण डीएमएची साखळी कशी रचायची हे त्यावर कळत नाही. मग पहिल्या गेममध्ये चाचपडणं दिसलं तर त्यात नवल काय?

प्लेस्टेशन ३: सहा कामगार आणि बंद खोल्या

आता दुसरा डबा. २००६ चा प्लेस्टेशन ३. त्यातल्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा आणि आठ छोटे गाभे असतात, त्यांना एसपीई म्हणतात. कारखान्यात जास्त चिप वाया जाऊ नयेत म्हणून त्यातला एक बंद ठेवलेला, एक यंत्रणेसाठी राखलेला. गेमला मिळाले सहा. प्रत्येकाचा वेग ३.२ गिगाहर्ट्झ आणि प्रत्येकाची स्वतःची मेमरी २५६ किलोबाइट. कोड त्यातच, माहितीही त्यातच. मुख्य मेमरीतला एक बाइटसुद्धा एसपीईला थेट वाचता येत नाही. आधी डीएमएने आपल्या खोलीत आणायचा, काम करायचं, मग परत पाठवायचा.

वाट पाहण्यात वेळ जाऊ नये म्हणून खोलीचे दोन भाग करतात. एका भागातल्या माहितीवर काम चालू असताना दुसऱ्या भागात पुढची माहिती येत राहते. आमच्या वस्तीतल्या मेसमध्ये सकाळी इडलीचं एक भांडं वाढायला घेतलं की दुसरं चुलीवर चढलेलं असतं, तसंच. याला डबल बफरिंग म्हणतात. गिऱ्हाइकाने एकदम तिसरंच काहीतरी मागितलं की मात्र ही शिस्त मोडते. ‘पुढचा शत्रू यादीत कुठे आहे ते या शत्रूतल्या पॉइंटरवरून शोधा’ असा कोड एसपीईसाठी नेमका तसा आहे.

त्याच पिढीतल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन सारखे गाभे आणि ५१२ मेगाबाइट सामायिक मेमरी होती. प्लेस्टेशन ३ मध्ये मेमरी तेवढीच, पण २५६ प्रोसेसरची आणि २५६ चित्रचिपची अशी भिंत घातलेली. म्हणून एक्सबॉक्ससाठी आखलेला गेम इकडे आणताना हाल होत. प्लॅटिनमगेम्सचा ‘बेयोनेटा’ हे ठळक उदाहरण. मूळ गेम एक्सबॉक्सवर झुळझुळ चाले, प्लेस्टेशन ३ ची सेगाने केलेली आवृत्ती अडखळे. सोनीचे काझुओ हिराई यांनी २००९ च्या सुमारास असं समर्थन केलं होतं की प्रोग्रॅमिंग मुद्दाम सोपं ठेवलेलं नाही, कारण सोपं यंत्र लवकर पिळून संपतं. मला हे समर्थन पटत नाही. मोठ्या स्टुडिओला शिकायला वर्षं मिळतात. छोट्याला मिळत नाहीत, आणि भारतातले सगळे स्टुडिओ तेव्हा छोटेच होते.

आता ‘रा.वन’सारख्या गेमकडे या. दोन डब्यांत काय काय वेगळं आहे? पहिला फरक सगळ्यात साधा आणि सगळ्यात छळणारा. प्लेस्टेशन २ लिटल एंडियन, प्लेस्टेशन ३ बिग एंडियन. १ हा ३२ बिटांचा आकडा पहिल्यावर ०१ ०० ०० ०० असा साठतो. तीच फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी वाचली तर १ च्या जागी १,६७,७७,२१६ मिळतात. खेळाडूला एक प्राण द्यायचा तिथे पावणेदोन कोटी! म्हणून प्रत्येक मॉडेल, प्रत्येक नकाशा, प्रत्येक ध्वनीफाइल यंत्रागणिक वेगळी शिजवावी लागते. दुसरा फरक चित्रांचा. ७३६ किलोबाइटमधून फिरवायची १६ रंगांची चित्रं आणि २५६ मेगाबाइटमध्ये ठेवायची मोठी चित्रं ही कलाकाराने दोनदा करायची कामं आहेत. तिसरा फरक म्हणजे व्हेक्टर युनिटसाठी हाताने लिहिलेला कोड. त्याची एकही ओळ पलीकडे जात नाही.

पण जातं काय, तेही पाहा. प्लेस्टेशन २ वर ज्याने १६ किलोबाइटच्या तुकड्यांत माहिती कापून वेळापत्रकाने पाठवायची सवय लावून घेतली, त्याला एसपीईच्या २५६ किलोबाइटची खोली ओळखीची वाटते. दोन यंत्रांचे बोर्ड वेगळे, आज्ञा वेगळ्या, बाइटचा क्रमसुद्धा उलटा, तरी माहिती कुठे आहे आणि ती तिथून इथे यायला किती वेळ लागेल हा प्रश्न तोच. इन्सोम्निॲक गेम्सचे माइक ॲक्टन यांनी प्लेस्टेशन ३ च्या काळात हाच विचार ठामपणे मांडला: आधी माहितीची मांडणी ठरवा, कोड तिच्यामागून येईल. त्याला डेटा-ओरिएंटेड डिझाइन असं नाव पडलं, आणि आजच्या गेम इंजिनांच्या पोटात ते मुरलेलं आहे. वर्गातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ते बटण ज्यांनी बनवलं त्यांना हे सगळं पाठ होतं.

सारखे डबे, तरी वेगळे

२०१३ साली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले. दोन्हींत एएमडीचे जवळजवळ सारखे आठ गाभे, दोन्हींत ८ गिगाबाइट मेमरी, दोन्ही संगणकासारखे एक्स८६. आता भांडण मिटलं असं वाटलं. तरीही सुरुवातीच्या वर्षांत एकच गेम प्लेस्टेशनवर १०८० रेषांत आणि एक्सबॉक्सवर ९०० रेषांत, असं वारंवार दिसलं. एक्सबॉक्सची चित्रचिप लहान होती हे एक कारण. दुसरं मेमरीत होतं. प्लेस्टेशनची मेमरी सेकंदाला १७६ गिगाबाइट वाही, एक्सबॉक्सची ६८. ती उणीव भरायला त्यात ३२ मेगाबाइटचा वेगवान तुकडा दिला होता. समजा प्रकाशाची गणितं करायला चार चित्रं आणि एक झेड-बफर लागतात, प्रत्येक पिक्सेल ४ बाइट. १९२० गुणिले १०८० ला पाचांचे होतात सुमारे ४१५ लाख बाइट. ३२ मेगाबाइट म्हणजे ३३५ लाख. बसत नाही. १६०० गुणिले ९०० ला होतात २८८ लाख. बसतं.

शेवटी पुण्याकडे येऊ. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी आला, सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि संगणकाच्या आवृत्त्या ऑक्टोबरमध्ये आल्या. २०१७ मध्ये या चमूने लोकवर्गणीचा प्रयत्न केला होता, तो फसला होता. पुढे द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमसाठीच्या पुरस्काराला ‘राजी’चं नामांकन झालं. गेम अनरिअल इंजिन ४ वर बनला, म्हणजे तुमच्या त्या बटणावर.

पण स्विच पाहा. मोबाइलच्या घराण्यातली टेग्रा चिप, चार एआरएम गाभे, ४ गिगाबाइट मेमरी आणि सेकंदाला २५.६ गिगाबाइट वाहतूक. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त सुमारे ८५० मेगाबाइट माहिती हलवता येते. प्लेस्टेशन ४ ला तीच मर्यादा ५,८०० च्या पुढे आहे. शिवाय स्विच हे एकाच डब्यातलं दुहेरी यंत्र. टीव्हीला जोडलं की चित्रचिप ७६८ मेगाहर्ट्झपर्यंत चालते, हातात घेतलं की बॅटरीसाठी साधारण ३०७ वर उतरते. इंजिन तुमचा कोड या यंत्रासाठी रूपांतरित करून देतं. ८५० मेगाबाइटमध्ये काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ते ठरवत नाही.

‘राजी’ खेळून पाहा आणि दोन गोष्टींकडे लक्ष द्या. कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही. कुठून काय दिसेल हे बनवणाऱ्याला आधीच माहीत आहे, त्यामुळे न दिसणाऱ्या बाजूवर खर्च करावा लागत नाही. आणि कथेचे प्रसंग छाया-बाहुल्यांच्या खेळासारखे सपाट आकृत्यांतून येतात. हे हार्डवेअरमुळे केलं असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या चित्रपरंपरेतून ते आलं हे उघड आहे. पण अशा निवडी केलेला गेम लहान यंत्रावर नेणं किती सोयीचं पडतं, हे वरचे हिशेब केलेल्या विद्यार्थ्याला लगेच कळेल.

आता स्वाध्याय. यासाठी कन्सोल नको, तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला संगणक पुरे. सी भाषेत कणाची एक ६४ बाइटची रचना करा: तीन आकड्यांचं स्थान, तीन आकड्यांचा वेग, उरलेल्या जागेत रंग, वय, नाव असं काहीही. असे दहा लाख कण घ्या आणि प्रत्येकाच्या स्थानात वेग मिळवण्याचं काम शंभर वेळा करा. लागलेला वेळ लिहा. मग तेच सहा आकडे सहा वेगवेगळ्या ॲरेंमध्ये ठेवून तेच काम करा. पहिल्या मांडणीत प्रत्येक फेरीला ६४० लाख बाइट मेमरीतून ओढले जातात, दुसरीत २४० लाख. तुम्हाला मिळालेलं वेळेचं गुणोत्तर या गुणोत्तराच्या किती जवळ आहे ते पाहा. फरक आढळला तर कणांची संख्या एक हजारावर आणून प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही निकालांशेजारी तुमच्या प्रोसेसरच्या कॅशचा आकार लिहा.